टाकीतलं पाणी

कोयनेचं पाणी सुटलं, कृष्णा पात्र सोडून उसात शिरली आणि ग्रामपंचायतीची यांत्रिक बोट महेंद्रनं शाळेच्या पडवीतनं बाहेर काढली. गेल्या पुरातही तीच चालवली होती त्यानं. तेव्हा पूर ओसरल्यावर टाकीत अर्धं पेट्रोल उरलं होतं. ते काढायला निघाला, तर सयाजी म्हणाला होता, "ऱ्हाऊ दे रं. ऐन वक्ताला पेट्रोल कुटं हुडकायचं?" सयाजी फौजेतनं निवृत्त झालेला, गाडी कायम तयार पाहिजे, ही त्याची शिस्त. महेंद्रलाही पटलं होतं.

आता मळ्यात सयाजीचे चुलते लालासाहेब आणि चुलती बनुबाई अडकले होते. आदल्या दिवशी निघा म्हटलं, तर लालासाहेब जनावरं सोडून निघाले नव्हते. सकाळी बनुबाईंचा फोन आला. "ह्यास्नी धाप लागलीया. लौकर या." पुढं फोनच लागेना.

दोघं निघाले. दोरी ओढताच इंजिन सुरू झालं. बुडालेल्या उसावरनं बोट झकास चालली. पण ओढ्याच्या धारेत शिरली तशी हेलकावे खाऊ लागली, इंजिन दोनदा खोकलं आणि गप झालं. महेंद्रनं दोरी ओढली, पुन्हा ओढली. हाताची सालटी निघाली. धारेनं बोट फिरवली आणि एका बाभळीवर नेऊन आदळली.

"काय झालं रं?"

"कळंना गड्या. वल्हं घे!"

समोर मळ्यातलं घर दिसत होतं. पत्र्यावर बसलेल्या बनुबाईंची हिरवी साडीसुद्धा दिसत होती. फांद्या धरत, वल्ही मारत ते तिथं पोचेपर्यंत दुपार कलली. लालासाहेबांचं डोकं बनुबाईंच्या मांडीवर होतं. सयाजीनं छातीला कान लावला आणि तसाच बराच वेळ वाकून राहिला.

ते परत निघाले. काठ जवळ आला, तेव्हा बनुबाई महेंद्रकडं बघून म्हणाल्या, "इंजिनाचा आवाज आला हुता मला. ह्यास्नी म्हटलं, आली बगा बोट. मान हलवली त्यांनी. मग आवाजच थांबला."

 महेंद्र वल्हं मारत राहिला.

पाणी उतरल्यावर त्यानं टाकीतलं पेट्रोल पाण्याच्या रिकाम्या बाटलीत काढलं. थोड्या वेळात वर पेट्रोल राहिलं आणि तळाशी गढूळ पाण्याचा वेगळा थर बसला. पेट्रोलात आता उसापासनं काढलेलं इथेनॉल असतं, हे त्याला ठाऊक होतं. त्याची मोटरसायकल त्याच पेट्रोलवर विनातक्रार पळत होती. पण रोज पळणारी गाडी वेगळी. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, वर्षभर पडून राहिलं की पाण्यासकट खाली बसतं, हे त्याला आत्ता कळलं. ओढ्यातल्या हेलकाव्यांनी तेच इंजिनात गेलं असणार.

गावात बोलणं सुरू झालं. "त्याच्या हातात बोट दिलीच कशाला?" काहीजण म्हणत, आणि त्या 'त्याच्या'त जातीसकट काय काय भरलंय, ते महेंद्रला ऐकूच येई. सयाजीला त्यानं ती बाटली दाखवली होती; तो एकदा घरी येऊन उंबऱ्याशी उभा राहिला. "काकीला पेट्रोलाचं सांगू नगंस. गेलेला मानूस काय परत येतोय व्हय?"

महेंद्र तरी गेला. दिवसकार्य उरकल्यावर भर दुपारी मळ्यात जाऊन बनुबाईंसमोर बसला. "काकी, इंजिनात खोट नव्हती. जुनं पेट्रोल मी काढून टाकलं न्हाई, त्यात पानी झालं. तवा बंद पडली." सयाजीचं नाव त्यानं घेतलं नाही.

बनुबाई गोठ्याकडं बघत राहिल्या. दोन म्हशी वाचल्या होत्या.

"पेट्रोल नीट असतं तर पोचला असता?"

"व्हय."

त्यांनी डोळ्यांना पदर लावला. रडणं थांबेपर्यंत महेंद्र तिथंच बसून राहिला. उठून जावं, असं त्याला फार वाटलं.

"माझ्या मनात रोज येतंय," शेवटी त्या म्हणाल्या, "की भ्यालास आनि माघारी फिरलास. तसं झालं न्हाई, असं सयाजी सांगत हुता. पर मला खरं वाटत न्हवतं."

"न्हाई काकी. भ्यालो हुतो. पर फिरलो न्हाई."

त्या उठल्या आणि चूल पेटवायला आत गेल्या. चहा घेऊन बाहेर आल्या, तेव्हा म्हणाल्या, "म्हशीस्नी पानी पाजायचं ऱ्हायलंय. तेवढं दावं सोड."

महेंद्रनं चहा खाली ठेवला आणि तो गोठ्याकडं गेला.