जित्या माणसाचा टाक

टाक घरात घेणार नाही, असं गोजराबाईनं सांगितलं अन् ती उंबऱ्यात पाय रोवून बसली. म्हणून तो चांदीचा टाक अंगणात, पालथ्या घातलेल्या द्राक्षाच्या क्रेटवर, लाल फडक्यात पडून होता. कोंबड्यासुद्धा त्याला वळसा घालून जात होत्या. एरवी त्या कोंबड्यांनी आमदारालाही वाट दिली नव्हती.

वर आभाळ काळंनिळं झालेलं. बागेत माल काढणीला आलेला. तिचा नवरा पुंजाराम एकदा आभाळाकडं बघायचा, एकदा टाकाकडं, अन् तंबाखू मळायचा.

सगळं सत्कारापासून सुरू झालं होतं. या दोघांचा ललित फौजेत कॅप्टन. सरहद्दीवरच्या चौकीवर तोफगोळे पडत असताना त्यानं जखमी जवानांना ओढून आणलं, म्हणून त्याला शौर्याचं पदक मिळालं. होळीच्या सुट्टीला तो घरी आला तर गावानं त्याला ट्रॅक्टरवरून मिरवला. सरपंच महेश हा नव्या विचारांचा गडी. शाल-नारळ तर सगळेच देतात, आपण काहीतरी हटके देऊ, म्हणून तो थेट नाशकात सराफाकडं गेला अन् ललितच्या नावाचा टाक घडवून घेऊन आला.

आता टाक कोणाचा करतात, हे त्या भागात रांगत्या लेकरालाही ठाऊक. लढता-झगडता अवेळी गेलेल्या माणसाचा. घोड्यावर बसलेला, हातात तलवार धरलेला तो वीर घरच्या देव्हाऱ्यात बसतो, अन् धुळवडीला घरातलं माणूस त्याला खोबऱ्याच्या वाटीत घेऊन डफावर नाचवतं. महेशच्या घरात असा वीर नव्हता. त्याच्याकडचे सगळे म्हातारे होऊन, खोकून खोकून गेलेले.

"अरे, पण त्या सराफानं तुला काय विचारलं नाय का?" पुंजारामनं त्याला धरलं.

"विचारलं ना, काका. म्हणला, कधी वारले? म्या म्हणलं, वारले नाय, सुट्टीवर हायेत."

"मग?"

"मग त्यानं चष्मा पुसला. म्या म्हणलं, घोडा नको, रणगाडा काढा. तर म्हणला, रणगाड्याचा साचा नाय."

साचा जुनाच वापरला होता. त्यामुळं टाकावरच्या माणसाला पिळदार मिशी होती. ललितला मिशी नव्हती.

"ह्याला मिशी हाय. हा माझा ल्योक नाय," गोजराबाई म्हणाली.

"येईल की, काकू, मिशी," महेशनं धीर दिला.

शेजारची चांगुणा म्हातारी चहात बिस्कीट बुडवत म्हणाली, "टाक घडला का त्याला माणूस लागतं, गोजरे. नाय दिलं तर तो आपलं आपण मागून घेतो." मग बिस्कीट चहात पडलं. म्हातारी बोटानं ते शोधत राहिली. गोजराबाईच्या काळजात मात्र तेव्हापासून जे काही पडलं, ते कोणाच्या बोटाला लागेना.

तिनं टाक सराफाकडं परत धाडला, वितळवायला. सराफ म्हणाला, "घडवला तो मी मोडत नाय." गोदावरीत सोडावा, तर चांगुणा म्हणाली, "बुडवलेला टाक जास्त खवळतो." गावच्या देवळात ठेवायला नेला, तर गुरव म्हणाला, "जित्या माणसाचा टाक आमच्यात बसत नाय. नंतर आणा." हे 'नंतर' ऐकून गोजराबाई भर उन्हात थंडगार पडली. अंगणात ठेवायच्या आधी तिनं तो गोठ्यातही टांगून पाहिला, तर म्हशीनं दूध चोरलं. ती तशी दर आठवड्याला चोरायची, पण आता तिला कारण मिळालं होतं.

सगळ्यात वाईट म्हणजे गावाची जीभ फिरली. माणसं ओट्यावर यायची, ललितच्या समोर चहा प्यायची अन् गोजराबाईला म्हणायची, "लय गुणी होता बरं का पोरगा."

"मावशी, मी हाय की अजून," ललित म्हणायचा.

"हाय ना, बाबा. बस, बस. तोंडात आपलं आलं."

ललित हसायचा. पण धुळवडीनंतर लगेच त्याला ड्युटीवर जायचं होतं, पुन्हा त्याच चौकीवर, अन् ते आठवलं की गोजराबाईला त्याचं हसणंही टाकावरच्या माणसासारखं, साच्यातलं वाटायचं.

धुळवडीचा दिवस उजाडला. वारा पडलेला, आभाळ जणू छपराला टेकलेलं. दुपार कलली अन् खालच्या आळीतून डफ वाजत यायला लागले. एकेका दारातून वीर निघत होते. डफ पुंजारामच्या दारापुढं आले अन् थांबले. हलेचनात.

"टाक हाय त्या घरातून माणूस निघाल्याबिगर पुढं जाता येत नाय, काकू," महेश बाहेरून ओरडला. बिचारा रडायच्या बेताला आला होता.

"आमच्या घरात कोणी मेलेलं नाय!" गोजराबाई आतून कडाडली. "वाजवा, हात तुटंपर्यंत वाजवा!"

ललित अंगणात गेला. क्रेटवरचं फडकं त्यानं पहिल्यांदाच नीट उलगडलं. टाक जवळ धरून बघितला. हसला नाही.

"आई, ही मिशी वाळूची हाय."

"कोण वाळू?"

"माझा जवान. सुरगाण्याकडचा. मिशीला रोज लोणी लावायचा, मेसवाला बोंबलायचा. त्या दिवशी मी त्याला उचलायला वाकलो, तर म्हणला, साहेब, आधी ह्या पोराला न्या, मी बसतो इथं. मी पोराला ठेवून माघारी गेलो." त्यानं फडक्याची घडी घातली. "बसलेलाच होता. पण गेलेला."

डफवाल्यांनी हात आवरले.

"त्याच्या घरचे?" पुंजारामनं विचारलं.

"कोणी नाय, दादा. आश्रमशाळेत वाढलेला. त्याची पत्र्याची पेटी गावी गेली, तर घ्यायलाच कोणी आलं नाय. पदक मला भेटलं, अन् त्याला कोण नाचवणार?"

गोजराबाई उठून अंगणात आली. टाक हातात घेतला अन् त्या मिशीवरून अंगठा फिरवला, एखाद्या लेकराचं नाक पुसावं तसा. मग ती आत गेली अन् खोबऱ्याची वाटी, कुंकू, भाकरीचा तुकडा घेऊन आली. तुकडा ओवाळून टाकला. उंबऱ्यावर पाणी ओतलं.

"चल रे, वाळू. आत ये. लय दिवस बाहेर बसला."

त्याला देव्हाऱ्यात टेकवून मगच तिनं तो ललितच्या हाती दिला. ललित नाचला. फौजेतला गडी, पाय कवायतीचे पडत होते, डफ एकीकडं अन् तो एकीकडं, पण कोणी हसलं नाही.

"कोणाचा वीर म्हणायचा, गोजरे?" चांगुणानं विचारलं.

"आमचाच. धाकटा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ललित गेला. जीप वळणाआड झाली तशी टपोरी गार पत्र्यावर वाजली. मग दुसरी. पुंजाराम बागेकडं धावला. गोजराबाई देव्हाऱ्यापुढं बसली.

"हे बघ, वाळू," ती दम दिल्यासारखं म्हणाली, "खाऊन-पिऊन नुसता बसू नको. तिकडं ध्यान ठेव. तुझा साहेब लय येडा हाय, कोणी पडलं का परत जाईल आणायला."

पत्र्यावर गारांचा नुसता कल्लोळ झाला. तिला आवाज चढवावा लागला.

"गेला तर तू त्याला माघारी हाण. आता तू घरचा हाय. तुला तेवढा हक हाय."