चौथ्या टप्प्यावरचं दार

कुकरची दुसरी शिट्टी झाली तेव्हा विनया बाल्कनीत होती आणि दार आतून लागलेलं होतं.

लावलं होतं स्वानंदीने. अडीच वर्षांच्या पोरीचा हात वरच्या कडीला पोचत नाही, म्हणून विनया त्या दाराबाबत तेवढी निर्धास्त होती. बाकी घरातल्या प्रत्येक कोपऱ्याची काळजी तिने करून ठेवलेली. प्लगच्या भोकांना चिकटपट्ट्या, टेबलाच्या टोकांना फोम, फिनाइलची बाटली माळ्यावर. फरशीच्या भोकात उतरणारी दाराची खालची कडी तेवढी राहून गेली. पोरगी फतकल मारून बसली की ती बरोबर तिच्या हाताशी येते. विनयाने शेवटचा फ्रॉक तारेवर टाकला, वळली, आणि खट्ट झालं.

"स्वानू, दार उघड."

शेजारच्या खिडकीच्या गजांमागे, जाळीपलीकडे, दोन डोळे आले. "आई आऊट!"

"हो, आई आऊट. आता ती कडी वर कर पाहू. जशी खाली केलीस ना, तशीच वर."

स्वानंदी खदखदून हसली आणि सोफ्यामागे लपली. तिच्या लेखी हा लपाछपीचा खेळ होता.

फोन आत चार्जिंगला. नवरा, परीक्षित, ऑफिसात, शहराच्या दुसऱ्या टोकाला. मे महिना, दुपारचे दोन. खातीपुऱ्याच्या त्या गल्लीत प्रत्येक खिडकीतला कूलर घरघरत होता, तिसऱ्या मजल्यावरून मारलेली हाक कुणाच्या कानावर जाणार? तिने तरी चार हाका मारल्या. मग स्टेशनकडून मालगाडी आली आणि तिच्या पाचव्या हाकेवरून धडधडत गेली. पाय भाजायला लागले तसा तिने तारेवरचा ओला टॉवेल ओढून पायाखाली घेतला.

तिसरी शिट्टी. एरवी तिसरीला ती गॅस बंद करते. कुकरमध्ये पाणी किती घातलं होतं? दोन वाट्या? की स्वानंदी मध्ये आली म्हणून एकच?

आत, जेवणाच्या टेबलावर, लॅपटॉप उघडा होता. त्यावर गौरांग आणि निलय होते, म्हणजे असल्यासारखे होते. तिघं मिळून गेली तीन वर्षं एक गेम बनवत होते. एक मुलगी जुन्या बारवेत उतरते, टप्प्याटप्प्याने, आणि तिला पुन्हा वर यायचं असतं. ऑफिस भाड्याने घेणं परवडण्यासारखं नव्हतं. गौरांग आदर्श नगरला, निलय शास्त्री नगरला, विनया इथे. म्हणून गौरांगने पद्धत घालून दिली होती: सकाळी दहा ते सहा कॉल चालू ठेवायचा. बोलायचं नाही, आपापला माइक बंद, नुसतं सोबत असायचं. उठायचं झालं तर लिहून उठायचं. 'पाणी.' 'दोन मिनिटं.' विनयाला ते मानगुटीवर कुणी बसल्यासारखं वाटे. कॅमेऱ्यावर तिने पहिल्याच आठवड्यात आपली एक टिकली चिकटवून टाकली होती.

म्हणजे आत दोघं होते आणि त्यांना काही दिसत नव्हतं, काही ऐकू येत नव्हतं.

सकाळीच त्यांचं वाजलं होतं. चौथ्या टप्प्यावर विनयाने एक दार केलं होतं, पलीकडूनच उघडणारं. खेळून पाहणाऱ्यांच्या तक्रारी आल्या होत्या. 'काहून अडवून ठेवतेस लोकांना?' असं गौरांगने अस्सल नागपुरी सुरात विचारलं. 'थोडे अडकू देत की,' विनया म्हणाली होती. 'त्याशिवाय सुटल्याची मजा काय?'

चौथी शिट्टी.

"स्वानंदी!" आता तिचा आवाज चढला. "दार उघड म्हणते ना! आत्ताच्या आत्ता!"

सोफ्यामागून रडण्याचा आवाज आला. विनयाने गजांवर कपाळ टेकलं. चुकलं. आवाज चढला की पोर रडते आणि रडायला लागली की काही ऐकत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आणि स्वानंदी एरवी ज्यावर चढते ते स्टूल स्वयंपाकघरात होतं. ओट्याला लावून ठेवलेलं.

रडत रडत स्वानंदी लॅपटॉपसमोरच्या खुर्चीवर चढली. आई रागावली की तिचं एक हक्काचं ठिकाण होतं. गेममध्ये कीबोर्डवरचं लांब बटण, स्पेसबार, दाबलं की पाण्यातून बेडूक वर येतो, डुबुक त्याचं नाव. त्याचा आवाज निलयनेच दिलेला. गेम तर आत्ता बंद होता, पण पोरीने ते बटण दोन्ही हातांनी दाबून धरलं.

"डुबुकभैया!"

समोर स्क्रीनवर कॉलची खिडकी होती, आणि कॉलमध्ये ते बटण दाबून धरलं की माइक चालू होतो.

"डुबुक, डुबुक!" लॅपटॉपमधून बेडूक बोलला. निलय कौतुकाने हसत होता; त्याची मराठी नेहमीच हिंदीत मिसळलेली. "अरे स्वानूजी! क्या हुआ, मम्मी किधर?"

"आई बाहर गई."

"बाहर? हमको छोडके? मतलब, मम्मीची तर मजा आहे!"

"निलय!" विनया ओरडली. "निलय, मी इथे आहे!" पण स्वानंदीने डोळे पुसायला हात उचलला होता.

पाचवी शिट्टी.

"एक मिनिट थांब," गौरांगचा आवाज आला. "विनया हिला एकटीला टाकून बाहेर गेली? ती बाथरूमला जाताना लिहून जाते. हे बघ, 'कपडे वाळत घालते, दोन मिनिटं.' कधीचं आहे? पंधरा मिनिटं झाली." खुर्ची सरकल्याचा आवाज. "ती बाल्कनीत अडकली आहे. मी निघतो. तू पोरीशी बोलत राहा, गप्प बसू नको."

आदर्श नगरहून खातीपुरा. अर्धा तास, लाल दिवे सोडून. विनयाने हिशोब केला आणि तो हिशोब कुकरशी जुळेना.

"स्वानूजी," बेडूक म्हणाला. "डुबुकला ना, बाल्कनीचं दार बघायचंय. चलो, दाराजवळ बसो."

स्वानंदी उतरली. दारापाशी बसली. विनयाने श्वाससुद्धा आवाज न करता घेतला.

"तिथे एक छोटी कडी आहे? तिचं नाक आहे? नाक पकडा."

"पकला."

निलयला ते ऐकू गेलं नसणार. त्याने आपला अंदाजाने थोडा वेळ जाऊ दिला. "आता नाक वर करा. जोरात. डुबुक... डुबुक..."

कडी हलली आणि अडली. विनयाच्या ध्यानात आलं, खिडकीपासून सरकून आता तीच तर दाराला रेटून उभी होती. तिने दाराची मूठ धरून ते स्वतःकडे ओढलं, मग हळूच सैल सोडलं, पुन्हा ओढलं.

"वर, वर, वर," बेडूक म्हणत होता. "आणखी वर. शाबाश. आणखी."

खट्ट.

विनया आधी गॅसकडे धावली. मग पोरीकडे. डाळ तळाला लागली होती, करपट वास घरभर झाला होता, आणि लॅपटॉपमधून निलय अजून विचारत होता, "ताई? उघडलं का? डुबुक... ताई, काहीतरी बोला ना." पोरीला कडेवर धरून ती टेबलाशी उभी राहिली. तो विचारत राहिला. मग कुठे तिला सुचलं, की त्याला उत्तर ऐकू यायला बटण दाबावं लागेल.

"उघडलं," ती म्हणाली. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

गौरांग आला तो हेल्मेटसकट वर आला. पाणी प्यायला, काही न विचारता पेचकस मागून घेतला आणि खालची कडी काढून तिच्या हातावर ठेवली. "परीक्षितला सांगशील?"

"कडी ढिली झाली होती म्हणून काढली, असं सांगेन." ती कडीकडे बघत होती. "नाहीतर तो म्हणेल, बंद कर हे गेमचं सगळं. आणि मला 'नाही' म्हणता येणार नाही."

गौरांगने पेचकस टेबलावर ठेवला. जाताना दारात थांबला. "ते चौथ्या टप्प्याचं..."

"पलीकडून डुबुकचा आवाज टाकू या. दार नाही उघडायचं. नुसता आवाज."

"तेवढ्याने लोक थांबतील?"

"मी थांबले होते."

साडेपाचला कपडे काढायला ती बाल्कनीत गेली. जाण्यापूर्वी तिने माइक चालू ठेवला, टिकली तशीच राहू दिली, दारात एक चप्पल अडकवली. स्वानंदीला कडेवरच घेतलं.

"येतंय का ऐकू?" तिने तारेपासून विचारलं.

"येतंय," आतून दोघं म्हणाले.

तिने एक फ्रॉक काढला. वाळून कडक झाला होता.

"आता?"

"येतंय, ताई."

तिने टॉवेल काढला, आणि पुन्हा विचारलं.