डिरीनांच्या तीन पट्ट्या

होबार्टच्या प्रयोगशाळेत माझं काम पडद्याकडे बघत बसण्याचं. रुग्णाच्या रक्तातून वाचलेली जनुकं संगणकावरच्या नकाशात उलगडायची आणि बिघाड कुठे आहे ते शोधायचं. या नकाशाला जीनोम ब्राउझर म्हणतात. वर जनुकांची नावं आणि खाली प्रत्येक माणसाची एक आडवी पट्टी, म्हणजे ट्रॅक. यंत्राने एखादी जागा जितक्या वेळा वाचली, तितका तिथे पट्टीवर उंचवटा. बावीस वर्षं मी हे उंचवटे बघते आहे, आणि ते मला चांगले कळतात असा माझा समज होता.

सात वर्षांपूर्वी ह्युऑन खोऱ्यातल्या डिरीन कुटुंबाचं काम माझ्याकडे आलं. सफरचंदांची बाग असलेली माणसं. मुलगी ब्रायनी तेव्हा बारा वर्षांची होती. काही आठवडे तिचे बरे जायचे, मग हातपाय गळायचे, पापण्या मिटायला लागायच्या. नसा आणि स्नायू यांच्यातला निरोप कुठेतरी अडतोय, एवढं डॉक्टरांना कळत होतं. पण त्यांनी दिलेल्या गोळीने ती आणखीच थकली. आई, वडील आणि मुलगी, तिघांच्या पट्ट्या मी दोन आठवडे धुंडाळल्या आणि शेवटी ‘कारण सापडलं नाही’ असं लिहून मोकळी झाले.

गेल्या एप्रिलमध्ये आमची प्रमुख आन्नेके माझ्याकडे आली. प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या तिघांना अनेक पट्ट्या एकाच चौकटीत एकत्र कशा दाखवायच्या ते शिकव, म्हणाली. मी कुरकुरले, तर म्हणाली, “मेरिएल, तू शिकवतेस कमी आणि टोमणे जास्त मारतेस, हे त्यांना सांगून ठेवलंय. तेव्हा ये.”

उदाहरणाला तिघा माणसांचं एखादं जुनं काम हवं होतं. डिरीनांचं हाताशी आलं. एरवी प्रत्येक पट्टी आपापल्या उंचीला ताणून बसते, त्यामुळे कुणाची खरी उंची किती ते एकमेकांशी ताडता येत नाही. मी सगळ्या पट्ट्यांना एकच मोजमाप लावलं आणि पारदर्शक रंग देऊन त्या एकमेकींवर ठेवल्या. वडील निळे, आई पिवळी, ब्रायनी लाल. मागे तुलनेला दोन परक्या माणसांच्या करड्या पट्ट्या. मग त्या आजाराशी संबंध असलेल्या जनुकांवरून नकाशा सरकवत गेले.

शिकणाऱ्यांत लोसा होती. चाळिशीची, सामोआची, आधी पंधरा वर्षं परिचारिका होती. तिने हात वर केला.

“इथे लाल कुठे गेली?”

मी सवयीने सांगितलं की त्या जागी यंत्र सगळ्यांचंच कमी वाचतं.

“कमी ते दिसतंय मला,” ती म्हणाली. “पण हिचं कमी नाही. हिचं नाहीच.”

मी पुन्हा बघितलं. करडी टेकडी बुटकी होती, पण होती. निळी आणि पिवळी तिच्या बरोबर निम्म्याला येत होत्या. लाल तिथे जमिनीला टेकली होती. माणसात प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात; आईवडिलांच्या त्या दोन प्रतींपैकी एकेका प्रतीत तेवढा तुकडा गळालेला होता, आणि मुलीला दोन्हीकडून गळालेलीच प्रत मिळाली होती. मी शिकवणी तिथेच थांबवली.

जुनी टिपणं काढली. त्याच जागेपुढे माझ्या हातचं होतं: ‘वाचन विरळ. दुर्लक्ष करावं.’

पाच आठवड्यांनी दुसऱ्या पद्धतीच्या तपासणीतही तेच आलं. निकाल आनुवंशिक आजारांचे डॉक्टर पिलिंजर सांगणार होते, तसा आमचा रिवाजच आहे. मी बरोबर जाते म्हणाले, तेव्हा आन्नेकेला ते फारसं रुचलं नाही. त्या वेळच्या साधनांवर कुणीही तेच लिहिलं असतं, असं तिचं म्हणणं.

“असेल,” मी म्हटलं. “पण लिहिलं मी.”

जूनमध्ये आम्ही गेलो. बागेत छाटणी चालू होती. ब्रायनीची आई कोरल हिने स्वयंपाकघरातच बसवलं आणि शिंपल्यांचं सारण भरलेले, भट्टीत भाजलेले गरम कानवले पुढे ठेवले. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, त्यावर दम्याच्या रुग्णांना देतात त्यातलंच एक औषध चालतं हेही सांगितलं. मी संगणकावर चित्र दाखवलं. ब्रायनीचे वडील डेस यांनी निळ्या आणि पिवळ्या पट्टीवर बोट ठेवलं. मग बायकोला म्हणाले, “म्हणजे दोघांचंही निम्मं निम्मं. आता माझ्या घराण्याला नावं ठेवू नकोस.” कोरल हसली आणि तिने डोळे पुसले.

मग मी त्या टिपणाचं सांगितलं. ही जागा सात वर्षांपूर्वी माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी ती सोडून दिली, एवढंच. ब्रायनी आता एकोणीस वर्षांची होती. हनुवटी तळहातावर टेकवून बसली होती.

“शाळेची शेवटची दोन वर्षं मी घरून केली,” ती म्हणाली. “तुम्हाला आत्ताच्या आत्ता माफ करणं मला जमणार नाही.”

“नको करूस.”

“अजून किती जणांपुढे तुम्ही असं लिहून ठेवलंय?”

मी मोजलं नव्हतं. तसं सांगितलं.

“मग बघा,” ती म्हणाली, आणि कानवल्याचा तुकडा तोडून खाऊ लागली.

औषध हळूहळू लागू पडलं. सप्टेंबरात कोरलचा फोन आला. ब्रायनीने त्या दिवशी हात वर करून आपले केस आपण बांधले होते. जिना अजून कठड्याला धरूनच चढते, म्हणाली.

इकडे लोसा आणि मी जुनी न सुटलेली त्रेसष्ट कामं बाहेर काढली. आन्नेकेने आठवड्याचा एक दिवस त्यासाठी मोकळा करून दिला. एकेक कुटुंब एकाच मोजमापात एकमेकांवर ठेवून बघायचं. बहुतेकांत काही नव्हतं. एका विशीतल्या मुलाचं कारण सापडलं, त्याला सांगून झालं.

दुसरं एक सापडलं ते डेलोरेन गावातल्या एका मुलीचं. त्या जागेपुढेही माझ्या हातचं तेच टिपण होतं. ती चार वर्षांपूर्वीच गेली होती. धाकट्या बहिणीची तपासणी करून घ्यायला हवी होती, म्हणून घरी कळवणं भाग होतं. डॉ. पिलिंजर म्हणाले, फोनवर सांगतो. मी म्हटलं, आपण जाऊ या. दोन तास गाडी चालवून गेलो. तिच्या आईने दार उघडलं, मी माझं नाव सांगितलं, आणि आत जाऊन बसल्यावर पहिल्यांदा टिपणाचंच सांगितलं.