वहिनीच्या आवडीचं

चिमणी हे तिचं खरं नाव नव्हतं. ताटातलं वेचून वेचून खाते म्हणून वहिनीने लग्न होऊन घरात आल्यावर पहिल्याच आठवड्यात ते ठेवलं आणि पुढे शर्टांच्या कारखान्यातही तेच चिकटलं. तिथे ती कॉलरांची शिलाई तपासायची. स्वतः लग्न केलं नाही. भावाच्याच घरात, मागच्या खोलीत राहायची. वहिनी सकाळच्या शाळेत, प्रयोगशाळेची मदतनीस होती. घरात दादाला जेवण मऊ, बेताच्या मिठाचं आणि सातच्या ठोक्याला लागायचं. नवं काही केलं की तो रागवायचा नाही, नुसतं "हे काय?" म्हणायचा. त्या "हे काय"पुढे वहिनीने केव्हाच हात टेकले होते.

म्हणून मंगळवारी, कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, दोघी दुपारचं बाहेर जेवायच्या. दूरदेशांहून आलेल्या लोकांनी गावात आपापली छोटी हॉटेलं थाटली होती. एका ठिकाणी जाळीदार आंबूस भाकरीवर चार रश्शे ओतून आणायचे, दुसरीकडे वाफेवरची पुडकी, तिसरीकडे मासा थेट निखाऱ्यावर. वहिनीला आंबट आवडायचं आणि थोडं करपलेलं. चिमणीला फक्त कुरकुरीत.

"तुझ्या जिभेला आवाज लागतो, चव नाही," वहिनी म्हणायची.

"आणि तुम्हाला जळकं लागतं. दादाने ऐकलं तर म्हणेल, घरीच तवा विसरली असतीस गॅसवर."

बसस्टॉपच्या मागच्या एका हॉटेलात आंबवलेल्या भाजीचा बुळबुळीत, गडद रस्सा मिळायचा. वहिनी त्याच्यावर जीव टाकायची. चिमणीने पहिल्यांदा चमचाभर घेतला आणि रुमालात टाकला. वहिनी इतकी हसली की तिला ठसका लागला.

मग ठसका वरचेवर लागायला लागला. घशाचं दुखणं निघालं, तेही साधं नाही. सात आठवडे किरणांचे उपचार झाले. तोंडाची लाळ आटली, चव गेली, वास गेला आणि शेवटी गिळणंही गेलं. पोटात नळी बसवली. दर तीन तासांनी दादा मोठ्या सिरिंजने तिला दुधासारखं पातळ औषधी अन्न द्यायचा. त्याने एकही वेळ चुकवली नाही.

उपचार संपल्यावर महिन्याभराने, एका मंगळवारी, वहिनी चप्पल घालून दारात उभी राहिली.

"कुठे?" चिमणीने विचारलं.

"जेवायला." आवाज खरवडल्यासारखा यायचा. "तू खायचंस. मी ऐकते."

त्या बसस्टॉपमागच्या हॉटेलात गेल्या. वहिनीने बोटानेच तो रस्सा दाखवला. चिमणीने श्वास धरून दोन चमचे घशाखाली उतरवले.

"छान झालाय."

"थापा नको मारूस. तुला आवडत नाही, ठाऊक आहे मला. कसा लागतो ते सांग."

चिमणीला बोलता येत नव्हतं अशातला भाग नाही, पण चव सांगायची म्हणजे काय सांगायचं? ती दिवसभर "टाका सुटलाय", "टोक वाकडं" एवढंच बोलणारी बाई. तिने आणखी एक घास घेतला आणि तो तोंडात धरून ठेवला.

"आधी आंबट. कानाखाली कळ येते तसं. मग कडवट, मागच्या बाजूला. आणि तळाला काहीतरी लागलंय भांड्याला, ते धुरासारखं."

वहिनीने डोळे मिटले. "हं. अजून."

चिमणीने सगळी वाटी संपवली. 

वहिनीपुढचं ताट कोरडंच होतं. ते पाहून मालकीणबाई आली. वय झालेली, बोलताना शब्द चाचपणारी. "तुम्ही खात नाही? आज चुकलं माझं काही?"

चिमणीने घशाकडे बोट दाखवून जमेल तसं सांगितलं.  मालकीणबाई आत गेली आणि पातेलंच घेऊन आली. झाकण काढून ते तिने वहिनीच्या तोंडासमोर धरलं. वाफ वहिनीच्या चेहऱ्यावर बसली.

"वास येतो?"

वहिनीने लांब श्वास घेतला. "येतो," ती म्हणाली. "चांगला येतो."

मालकीणबाईने पदराला पुसावेत तसे कपड्याच्या टोकाला हात पुसले आणि मान वळवून आत गेली. बिल घेतलं नाही.

रस्त्यावर आल्यावर चिमणीने विचारलं, "खरंच आला?"

"नाही गं," वहिनी म्हणाली आणि तिच्या दंडाला धरून चालू लागली.

असे अजून चार मंगळवार मिळाले. पाचव्याला वहिनी उठली नाही, आणि त्यानंतरच्या शनिवारी गेली.

सगळं आटोपल्यावर, पाहुणे पांगल्यावर, दादा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. "तिला काय आवडायचं गं खायला?" सव्वीस वर्षांच्या संसारानंतर त्याने बहिणीला हे विचारलं. "लोक विचारत होते. मला सांगता आलं नाही."

मंगळवारी चिमणी त्याला तिथे घेऊन गेली. दादा इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, दवाखान्यात जावं तसा ताठ बसला. रस्सा आला. त्याने एक चमचा घेतला, चेहरा आवळला, दुसरा घेतला. तिसऱ्याला हात थांबला.

"हे आवडायचं तिला?"

"जीव होता त्याच्यावर."

"घरी कधी बोलली नाही."

"तू कधी विचारलं नाहीस, दादा."

बोलून गेल्यावर चिमणीला ते परत घ्यावंसं वाटलं.  दादाने चमचा उचलला आणि खाऊ लागला, खाली मान घालून, औषध घ्यावं तसा. अर्ध्यावर त्याला जमेना. उरलेला रस्सा वाटीत गार होत राहिला, वर साय धरली, आणि दोघंही त्या सायीकडे बघत बसली.

मालकीणबाईने दुरून विचारलं, "ताई आल्या नाहीत आज?"

चिमणीने नुसती मान हलवली. मालकीणबाईने हातातलं फडकं टेबलावर ठेवलं.

पुढच्या मंगळवारी चिमणी घरीच राहिली. दादाने भात लावला होता. मऊ, बेताच्या मिठाचा. दोघं जेवली.