गल्लीच्या टोकापर्यंत

पिवळी विकायची की ठेवायची, हा प्रश्न मावशींच्या डाव्या गुडघ्याने काढला. तोपर्यंत घरात असा विषय काढायची कोणाची छाती नव्हती.

पिवळी म्हणजे मावशींची गाडी. दोन सीटची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी, आणि इंजिन असं की सुरू केलं की शेजारच्यांच्या कपबशा किणकिणायच्या. मावशी दातांच्या डॉक्टर. बावीस वर्षांपूर्वी दवाखान्याचा जम बसला, तेव्हा त्यांनी कोणाला काही न विचारता ती घेतली. "लोकांच्या दाढा उपटून उपटून घेतलीय," असं त्या पाहुण्यांना सांगत. पहिलं वर्ष त्यांनी ती हौसेने हाकली, रोज दवाखान्यात नेली. मग एके दिवशी बाहेर उभी असताना कोणीतरी दारावर लांबच लांब ओरखडा काढला, आणि मावशींनी कानाला खडा लावला.

तेव्हापासून पिवळीला तळहाताच्या फोडासारखं जपणं सुरू झालं. पावसात काढायची नाही, झाडाखाली लावायची नाही, खडबडीत रस्त्यावर न्यायची नाही, आत बसून काही खायचं नाही. एवढं सगळं वजा केल्यावर उरायची फक्त रविवारची सकाळ. दर रविवारी मावशी कव्हर काढत, शेजारच्या सीटवर नवऱ्याला, म्हणजे काकांना, बसवत, गल्लीच्या टोकापर्यंत जात आणि तिथून गाडी वळवून परत आणत. टोकाला पोचलं की काका म्हणत, "उजवीकडे गेलं तर डोंगराचा रस्ता लागतो."

"ठाऊक आहे मला," मावशी म्हणत, आणि गाडी वळवत.

काका भूगोलाचे मास्तर होते. नद्या, डोंगर, समुद्र सगळं त्यांनी फळ्यावर काढून शिकवलं. आता निवृत्त झाले होते, तरी टोकावरचं ते वाक्य त्यांनी सोडलं नव्हतं.

आता गुडघ्याचं. पिवळीचा क्लच भलता जड. तो दाबताना मावशींच्या डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले, तेव्हा हाडांच्या डॉक्टरांनी बजावलं की साधी गाडी चालवा, ही नको. म्हणजे दोनच वाटा राहिल्या. एक तर पिवळी घराबाहेर जाणार, नाहीतर तिची किल्ली काकांच्या हातात जाणार.

आणि काकांच्या हातात किल्ली द्यायला मावशींचा जीव होत नव्हता. गाडी नवी असताना, पहिल्याच आठवड्यात, काकांनी ती फाटकातून बाहेर काढताना आरसा खांबाला घासला होता. नखाएवढा ओरखडा. घरातली साधी गाडी काका गेली कित्येक वर्षं चालवत होते, बाजारात, स्टेशनवर, लग्नाकार्याला, आणि तिला एक पोचा नव्हता. पण ते मावशींच्या हिशेबी नव्हतं. किल्ली त्यांच्या पर्समध्ये गेली ती गेलीच. काका मात्र दर शनिवारी न चुकता पिवळीला अंघोळ घालत, मऊ फडक्याने पुसत. चालवायला मिळणार नाही त्या गाडीची इतकी सेवा कोण करतं? काका करत.

तर मावशींनी आठवडाभर विचार केला आणि गाडी विकायचं ठरवलं. किल्ली देण्यापेक्षा ते त्यांना सोपं वाटलं.

"मावशी, तू खरंच वेडी आहेस," जाहिरात टाकायला बोलावलेली भाची म्हणाली. "काकांना चालवू दे ना!"

"तुझे काका आरशाला खांब समजतात."

"खांबाला आरसा समजलो होतो," काका वर्तमानपत्राआडून म्हणाले. "नीट सांगावं."

भाचीने जाहिरात टाकली. फिटरने येऊन गाडी तपासली, तेल बदललं, टायर नवे घातले. जुने टायर जराही झिजलेले नव्हते, पण त्यांना भेगा गेल्या होत्या. "नुसतं बसूनही म्हातारपण येतं, डॉक्टरीणबाई," तो म्हणाला. मावशींनी गुडघ्यावरचा हात काढून घेतला आणि त्याला चहा विचारला.

फोन पुष्कळ आले, पण त्यातला एकच गृहस्थ थेट येऊन उभा राहिला. कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणं मधाळ, आणि दोन्ही हातांत घातलेले पांढरे सुती हातमोजे. त्यावरून भाचीने स्वयंपाकघरात त्याचं नावही ठेवून टाकलं, मोजेवाला. मावशींना मोज्यांचं कौतुक वाटलं. त्यांचा स्वतःचा जन्म रबरी मोज्यांत गेला होता, त्यामुळे हा आपल्याच पंथातला वाटला.

मोजेवाल्याने पिवळीभोवती फेऱ्या मारल्या. दार उघडलं, बंद केलं, आवाज ऐकून डोळे मिटले. मग वाकून किलोमीटरचा आकडा बघितला आणि छातीवर हात ठेवला.

"सहा हजार!" तो म्हणाला. "बावीस वर्षांत सहा हजार! बाई, तुम्ही म्हणाल ती किंमत."

मावशींची कळी खुलली. इतक्या वर्षांत पिवळीची खरी पारख करणारा कोणी भेटला होता. "चला, एक चक्कर मारून या," त्या उदारपणे म्हणाल्या. "आमचे हे बसतील शेजारी."

मोजेवाला दचकून मागे सरला. "छे छे! चक्कर कशाला? आकडा वाढेल ना. मी ट्रक पाठवतो, त्यावर चढवून नेऊ."

"आणि मग चालवणार कधी?"

"चालवणार कशाला?" त्याला प्रश्नच कळेना. "माझ्याकडे अशा अकरा आहेत. एका मोठ्या खोलीत ठेवल्यात, आतली हवासुद्धा कोरडी राखावी लागते. रविवारी जातो, कव्हर काढतो, बघतो, परत कव्हर घालतो."

भाचीला खोकल्याची उबळ आली. काका कव्हरची घडी घालत होते, टोकाला टोक जुळवून, दर रविवारी घालत तशी. त्यांनी मान वर केली नाही.

"खरं सांगू बाई," मोजेवाला अगदी मनापासून म्हणाला, "तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून आमच्यासारख्यांचं चालतं. तुम्ही वर्षानुवर्षं किलोमीटर वाचवता, आणि शेवटी ते आमच्या पदरात पडतात."

मावशींना आधी राग आला, पण मोजेवाल्यावर रागावावं असं त्याने काहीच केलं नव्हतं. तो नम्रपणे उभा होता, मोजे घातलेले हात मागे बांधून. मग त्यांना लाज वाटली, चांगली कानशिलं तापेपर्यंत. कोणासाठी वाचवले आपण हे किलोमीटर? या माणसासाठी? आणि शेजारी जो माणूस दर रविवारी डोंगराचा रस्ता सांगत बसला होता, त्याला काय दिलं? गल्ली. तीही जाऊन येऊन.

काकांनी घडी पूर्ण केली आणि कव्हर बगलेत धरून म्हणाले, "ट्रक कधी येईल? म्हणजे आदल्या दिवशी धुऊन ठेवतो."

तेवढ्यानेच मावशींचा बांध फुटला.

"ट्रक येणार नाही," त्या म्हणाल्या.

"किंमत कमी वाटते का?" मोजेवाल्याने घाईने विचारलं.

"किमतीचं काही नाही हो. गाडीला काम आहे. चहा घेऊन जा."

मोजेवाल्याने पुष्कळ विनवण्या केल्या, पण दाढ काढायची ठरवलेल्या मावशी कोणाच्या विनवण्या ऐकत नसत. शेवटी त्याने मोजे काढले, नीट घडी करून खिशात ठेवले, पिवळीकडे एकदा बघितलं आणि तो गेला. भाचीने जाहिरात तिथल्या तिथे काढून टाकली, मावशीचं मन पुन्हा फिरायच्या आत.

मावशींनी पर्स उघडली. चष्म्याची डबी, रुमाल, औषधाची पट्टी बाजूला सारली आणि तळातून किल्ली काढून काकांपुढे धरली.

काकांनी ती लगेच घेतली नाही. "अगं, पण आरसा?"

"आरसे दोन आहेत," मावशी म्हणाल्या. "घ्या आता, हात दुखायला लागला माझा."

बावीस वर्षांत पहिल्यांदा मावशी पलीकडच्या सीटवर बसल्या. बसल्या म्हणजे भाचीने खांद्याला धरून त्यांना अलगद आत सोडलं. काकांनी सीट मागेपुढे केली, आरसा वर केला, खाली केला, परत होता तिथे आणला. गाडी सुरू झाली, शेजारी कपबशा किणकिणल्या, आणि एक हिसका देऊन बंद पडली. पुन्हा सुरू झाली, पुन्हा बंद पडली. मावशींनी दातांवर दात घट्ट दाबून धरले. रोग्यांना त्या नेमकं हेच करू नका म्हणून सांगत असत.

"बोल, बोल," काका म्हणाले. "आतल्या आत गिळू नकोस."

"मी काही बोलणार नाहीये. क्लच हळू सोडा."

तिसऱ्यांदा पिवळी निघाली. फाटकाचा खांब आला तशी मावशींनी डोळे मिटले. उघडले तेव्हा खांब मागे राहिला होता आणि आरसा जागेवर होता. काकांच्या कपाळावर घाम होता आणि तोंडभर हसू होतं, शाळा लवकर सुटल्यासारखं. हे हसू मावशींनी फार वर्षांत पाहिलं नव्हतं.

गल्लीचं टोक आलं. काकांनी वेग कमी केला. दर रविवारच्या सवयीने त्यांचे हात परत फिरायला चाक वळवू लागले, आणि आज ते वाक्यही त्यांच्या तोंडून निघालं नाही. एवढं मिळालं तेच त्यांना पुष्कळ वाटलं असावं.

मावशींनी समोर काचेतून बघत म्हटलं, "उजवीकडे गेलं तर डोंगराचा रस्ता लागतो."

काकांचे हात थांबले. त्यांनी मावशींकडे बघितलं, मग रस्त्याकडे.

"ठाऊक आहे मला," ते म्हणाले, आणि गाडी उजवीकडे घेतली.