जगदेवरावांची निर्जळी अंगारकी

प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टर्सच्या मागे एक छोटं चर्च होतं. तिथले फादर रुमाव मूळचे वसईचे. बडोद्यात बाकी सगळ्यांशी त्यांना गुजराती नाहीतर हिंदी बोलावं लागायचं, म्हणून मराठीची भूक भागवायला ते रोज संध्याकाळी साडेपाचला जगदेवरावांच्या ओट्यावर येऊन बसत. एक नाही, दोन नाही, चांगली अकरा वर्षं.

जगदेवराव युनिव्हर्सिटीच्या ऑफिसातून रिटायर झालेले. त्यांचे आजोबा गायकवाडी राज्यात अंमलदार होते आणि त्यांनी एक वाघ मारला होता. तो वाघ दरवर्षी हातभर वाढत वाढत आता मालगाडीच्या डब्याएवढा झाला होता. घरच्यांनी, म्हणजे कमलाबाईंनी, तो ऐकणं केव्हाच सोडलं होतं. एकटे फादर तेवढे दर वेळी विचारायचे, "मग पुढे काय झालं?" असा ऐकणारा माणूस लाख रुपये मोजून मिळायचा नाही.

आणि त्याच फादरांचं येणं बंद झालं.

झालं होतं असं. रेल्वे फाटकापलीकडच्या मशिदीचे मौलाना इनायतसाहेब एकदा चर्चमध्ये आले. गावात मागे बरंच बिघडलं होतं. तेव्हापासून इकडची पोरं तिकडून जायला घाबरायची, तिकडची इकडून. मौलाना म्हणाले, आपण दोघं तरी एकमेकांना नीट ओळखू या. मरियमच्या नावाचा अख्खा अध्याय आमच्या कुराणात आहे, तुम्हाला ठाऊक आहे का? फादर म्हणाले, वाचलाय, पण कुणाच्या तोंडून ऐकला नाही. मौलानांनी तिथंच म्हणून दाखवला. मग फादरांनी त्यांच्या पुस्तकातला मेरीचा भाग वाचला. कुठं जुळतं, कुठं जुळत नाही, यावर असं काही बोलणं रंगलं की चहा तीनदा गार झाला. रोजची बैठक सुरू झाली. वेळ कोणती, तर साडेपाच.

जगदेवराव ओट्यावर बसून चर्चच्या फाटकाकडे बघत राहायचे.

"सवत आल्यासारखे काय बसलाय?" कमलाबाई म्हणाल्या.

"मला काय त्याचं? मी हवा खातोय."

हवा खाऊन खाऊन त्यांचं तोंड आंबलं. त्यातून एकदा मौलाना रस्त्यात भेटले आणि "केम छो" म्हणायचं सोडून चक्क मराठीत म्हणाले, "कसं काय, जगदेवराव? बरे आहात ना?" फादरांनीच शिकवलं असणार. जगदेवरावांना वाटलं, आपल्या ताटातली पोळी कुणी उचलून आपल्यासमोरच खाल्ली.

त्या वर्षी रमझान आणि ख्रिस्ती लोकांचे चाळीस दिवसांचे उपास, दोन्ही एकाच वेळी आले. दोघांनी ठरवलं, फादरांनी चर्चमध्ये रोज्याबद्दल बोलायचं आणि मौलानांनी मशिदीत चाळीस दिवसांबद्दल. पण तोंडदेखलं नको. आधी दुसऱ्याचा एक उपास स्वतः धरून बघायचा. मौलानांनी एक शुक्रवार मटणाशिवाय काढला, त्यांच्या घरात म्हणे वीस वर्षांत पहिल्यांदा. आता मंगळवारी फादर रोजा धरणार होते, तो सोडायला मौलाना चर्चवर येणार होते. फादरांनी जगदेवरावांनाही बोलावणं धाडलं.

बोलावणं ऐकून जगदेवरावांनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं आणि त्यांचे डोळे चमकले. मंगळवारी अंगारकी होती.

"यांचे उपास सूर्य बुडाला की संपतात," ते म्हणाले. "आपला चंद्र उगवल्याशिवाय संपत नाही. मी निर्जळी करणार."

कमलाबाईंनी साबुदाणा भिजवायला घेतला होता, तो तसाच हातात राहिला. आयुष्यात या माणसाने संकष्टीला दोन वाट्यांच्या खाली खिचडी खाल्ली नव्हती. "कोणासाठी करताय?" त्यांनी विचारलं. "गणपतीसाठी की फादरांसाठी?"

जगदेवरावांनी कॅलेंडरवरच्या मंगळवाराभोवती पेन्सिलीने गोल काढला.

मंगळवारी दुपारी तीनला त्यांच्या पोटात असा आवाज झाला की वर्कशॉपचा भोंगा झाला समजून चार कामगार सायकली काढून घरी निघाले. खोटं वाटत असेल तर त्यांच्या साहेबाला विचारा. पण संध्याकाळी जगदेवराव इस्त्रीचा सदरा आणि काळी टोपी घालून ताठ मानेने चर्चच्या व्हरांड्यात हजर झाले.

सूर्य बुडाला. मौलानांनी खजूर पुढे केला. फादरांनी घेतला. जगदेवरावांनी हात जोडले.

"माझा चंद्राला सुटतो," ते सावकाश म्हणाले. "साडेनऊला. आणि पाणीही नाही."

फादरांच्या चेहऱ्यावर जे कौतुक उमटलं, त्याने जगदेवरावांचं अर्धं पोट भरलं. पण मौलानांनी सगळा घोटाळा केला. खजूर आणि घोटभर पाणी घेऊन त्यांनी बाकीची थाळी झाकली. म्हणाले, रोजा सोडायला उशीर करू नये असं आम्हाला सांगितलंय, तो मी सोडला. पण जेवायची घाई कुणी सांगितलेली नाही. तुम्ही उपाशी असताना आम्ही जेवणार नाही. फादरांनीही आपली थाळी झाकली.

झालं. आता जगदेवरावांना रागही धड करता येईना. मौलानांनी कोपऱ्यात नमाज पढून घेतली आणि परत येऊन विचारलं की गणपतीचं आणि चंद्राचं काय देणंघेणं? जगदेवरावांनी उंदरावरून पडलेल्या गणपतीची आणि हसलेल्या चंद्राची गोष्ट सांगितली. मौलाना पुढे सरकून ऐकत होते. मग चंद्राला शाप कोणता मिळाला, तो उतरला कसा, एकेक विचारत होते. जगदेवरावांना ते आवडत होतं, आणि आवडतंय याचाच संताप येत होता.

आठ वाजले. मौलानांना रात्रीच्या लांब नमाजेसाठी मशिदीत पोचायचं होतं. ते उठले. जगदेवरावांच्या मनात आलं, सुटलो. आता दीड तास फादर आपले एकट्याचे.

फादरही उठले.

"मी त्यांना सोडून येतो," फादर म्हणाले. "रेल्वे फाटकापाशी हल्ली टगी पोरं उभी असतात. परवा यांना बरंच बोलली. माझा पांढरा झगा बरोबर असला की गप्प बसतात."

"रोज सोडता?"

"रोज. म्हणून तर तुमच्याकडे यायला जमत नाही."

ती पोरं कुणाची ते जगदेवरावांना चांगलं ठाऊक होतं. निम्मी त्यांच्याच गल्लीतली, त्यांना काका म्हणणारी. हे आपल्याला एका शब्दाने सांगितलं असतं तर? पण सांगणार कसं, आपण तर महिनाभर तोंड फिरवून बसलेलो. ते उठले, तेव्हा भुकेने डोळ्यांपुढे काजवे चमकले. त्यांनी टोपी सारखी केली.

"तुम्ही बसा हो," मौलाना म्हणाले. "दिवसभर पाणी नाही पोटात."

"चंद्र काय, रस्त्यावरूनही दिसतो," जगदेवराव म्हणाले.

तिघं निघाले. फाटकापाशी चारपाच पोरं टेकून उभी होती. काळी टोपी बघितल्यावर एकाने विडी पाठीमागे लपवली आणि बाकीची हळूच बाजूला झाली. जगदेवरावांनी प्रत्येकाकडे नाव आठवत असल्यासारखं बघून घेतलं.

फाटक ओलांडल्यावर मौलाना फादरांना काहीतरी सांगायला त्यांच्या बाजूला वळले. त्याबरोबर जगदेवराव दोघांच्या मधे घुसले आणि मशीद येईपर्यंत मधेच चालले. त्या दोघांना एकमेकांशी जे काही बोलायचं होतं, ते त्यांच्या टोपीवरून बोलावं लागलं.