गाठीतली ओढणी

जमनी मरून दहा महिने झाले होते, तरी हंगाम सुरू झाल्या दिवसापासून ती जिनिंगमधल्या कापसाच्या पट्ट्याशी सुखीबाईच्या उजव्या हाताला येऊन बसायची. तेही भर दुपारी, पासष्ट बायांच्या देखत. तोंड दिसायचं नाही. दिसायचा फक्त हात, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या भरलेला. सरकत्या कापसातून केस, सुतळी, प्लास्टिक पन्नीचे तुकडे तो इतक्या झरझर वेचायचा की सुखीबाईला वेचायला काही उरायचंच नाही. तिनं एकदा शेजारच्या संगीताला हळूच विचारलं, "तुले इथं कोणी दिसते काय?"

"मले तं तुमीच दिसता," संगीता म्हणाली, "अन् तुमचंबी काही खरं दिसत नाही आजकाल."

राळेगाव रस्त्यावरची ती जिनिंग. सरकी काढायची, रुईच्या गाठी बांधायच्या आणि बंदरावर धाडायच्या, एवढाच तिचा धंदा. पण जगाच्या बाजारात आपल्या कापसाचं नाव कचऱ्यासाठी झालेलं. तिकडे ब्राझीलचा कापूस यंत्रानं वेचलेला, स्वच्छ, आणि आपला भाव त्याच्यापुढे खाली मान घालून उभा. म्हणून मग बंजारा तांड्यावरच्या बाया पट्ट्याशी बसवल्या. त्यांनी केस न् केस वेचला की ती रुई व्हिएतनामला जायची, तिथं तिचं सूत व्हायचं, आणखी कुठं शर्ट, आणि कुठल्या गोऱ्यांच्या दुकानात तो शर्ट टांगला जायचा ते देवालाच ठाऊक. तालुक्याचा कापूस जितका फिरला, तितकं तालुक्यातलं माणूस काही फिरलं नाही. याच बायांच्या पूर्वजांनी बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखच्या मुलूख पालथे घातले होते. आता माल कुठं चालला हे विचारलं, तर घनश्याम मॅनेजर म्हणायचा, "बाई, तुमी खाली पाहून काम करा."

प्रत्येक गाठीवर नंबराची चिठ्ठी लागे. ती लावायचं काम राखीकडे होतं. राखी जमनीची एकुलती एक पोरगी, बारावी झालेली, वीस वर्षांची. आई गेली आणि महिन्याभरात घनश्यामनं तिला बोलावून कामाला लावलं. लोक म्हणाले, माणूस भला आहे. भला कसला! आपली आई तांड्यावरच्या पाण्याच्या टाकीच्या शिडीवरून पडून मेली, असं राखी धरून चालली होती, आणि तिला तसं सांगणारी सुखीबाईच होती.

खरं काय झालं ते पट्ट्यावरच्या सगळ्या बायांना ठाऊक होतं. संक्रांत झाली होती, गाडी त्याच दिवशी भरून बंदराकडे निघायला हवी होती, आणि नेमका एका मशीनखाली कापूस तुंबला. घनश्यामनं मशीन बंद न करताच जमनीला आत हात घालायला लावलं. ओढणीचा पदर फिरत्या दांड्यात गेला. ओढणीमागून जमनी गेली. त्या रात्री राखी यवतमाळच्या वसतिगृहात होती, आणि इकडे बायांना एकच वाक्य सांगितलं गेलं, की जिन बंद झाली तर पासष्ट घरच्या चुली बंद होतील. झाकली मूठ सव्वा लाखाची. बायांनी मूग गिळले. आणि जमनीची जिवाभावाची मैत्रीण म्हणून पोलिसांपुढे सुखीबाईला उभं केलं. तिनं शिडीचं सांगितलं.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात. हे तांबडं मात्र व्हिएतनामात फुटलं.

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. माल घेणाऱ्या कंपनीची मैत्रेयी नावाची बाई गाडीतून उतरली. तरणीच होती, बोलायला मऊ. ती यायच्या आधीच घनश्यामनं सुखीबाईला बाजूला घेतलं होतं. "तिकडच्या सूतगिरणीत आपल्या गाठीत कापड निंघालं म्हणते. कोण्या कास्तकाराच्या घरच्या चिंध्या कापसात आल्या असतीन, असं सांगजा. तुमी म्हाताऱ्या मानूस, तुमचं ऐकतीन. आन् राखीचा इचार करा. आता कुठं पोरगी मार्गी लागली."

बायांना अंगणात उभं केलं. मैत्रेयीनं पिशवीतून तळहाताएवढं कापड काढलं. लाल, विटलेलं, गाठ दाबताना पापुद्र्यासारखं चपटं झालेलं, पण त्यावरचे दोन आरसे आणि एक कवडी अजून धरून होती. सुखीबाईनं पाहिलं आणि ओळखलं. हा टाका तिचा होता. जमनीच्या लग्नात तिनंच ही ओढणी आरसे-कवड्यांनी भरून दिली होती.

राखीही बघत होती. तिच्या कपाळाला आठी पडली.

"आजी, घाबरू नका," मैत्रेयी म्हणाली. "हे शेतातून आलं असेल तर आम्ही फक्त सूचना देतो. पण मशीनमधून आलं असेल तर कुणाला तरी इजा झाली असणार. मग चौकशी होईपर्यंत मला माल थांबवावा लागेल. तुम्हाला माहीत आहे का हे कुणाचं?"

कापड सुखीबाईच्या हातात आलं. उजवीकडे जमनीचा हात होताच. पण आज तो काही वेचत नव्हता. तळवा वर करून नुसता समोर धरलेला होता. सुखीबाईला भीती वाटली. पासष्ट चुली डोळ्यापुढे आल्या, त्यांतली एक तिची स्वतःची. मग तिनं खाली बसकण मारली, पदर तोंडावर ओढला आणि गाऊन रडायला लागली.

त्यांच्या तांड्यावर मेलेल्या माणसाला गाऊनच रडतात. ते कसं जगलं, कसं गेलं, सगळं त्या रडण्यात सांगायचं असतं, आणि त्यात खोटं बोलायचं नसतं. जमनीसाठी बाया रडल्या होत्या, पण मुक्यानं. आता सुखीबाईनं आपल्या गोरबोलीत "ए याडी", म्हणजे "ए आई", म्हणून हाक घातली, तशी संगीता तिच्या गळ्यात पडली, मग दुसरी, मग तिसरी. अंगण बायांच्या आवाजानं भरून गेलं.

"काय म्हणताहेत त्या?" मैत्रेयीनं विचारलं.

"काही नाही मॅडम," घनश्याम म्हणाला. त्याला गोरबोलीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण चेहरा पांढरा पडला होता. "यांच्यात रीतच आहे रडाची."

"नुसतं रडणं नाही ते," राखी म्हणाली. चिठ्ठ्यांचा गठ्ठा छातीशी धरून ती पुढे आली, आणि शाळेत धडा वाचावा तसं सावकाश, एकेक ओळ मराठीत सांगू लागली. "त्या म्हणतात, कापूस तुंबला होता. गाडी निघायची होती. मशीन चालू होती. जमनीला आत पाठवलं. ओढणी अडकली." ती थांबली नाही. "सुखीबाई म्हणतात, जमनी शिडीवरून पडली नाही. शिडीचं मी सांगितलं. पोलिसांना सांगितलं, अन् तिच्या पोरीलाही मीच सांगितलं."

मैत्रेयी वहीत लिहीत होती. "ही मुलगी आता कुठे असते?"

"मीच ते," राखी म्हणाली.

रडणं हळूहळू ओसरलं. सुखीबाईनं तोंडावरचा पदर काढला आणि रिवाजाप्रमाणे पोरीला गळ्याशी घ्यायला हात पसरले. राखी आली नाही. ती जागची हलली नाही, आणि सगळ्यांना कळावं म्हणून तिनं मराठीतच विचारलं.

"मावशी, मशीनमधून काढल्यावर आई काही बोलली काय?"

"पानी मांगलं तिनं."

"मंग तुनं देल्लं?"

सुखीबाईनं पसरलेले हात मांडीवर घेतले.

"पट्टा चालू होता, बाई," ती म्हणाली. "मी कचरा येचत होती."